भिंतीचं विरजण

गडचिरोलीतल्या हेटीटोल्यात तेव्हा गोठ्याला भाडेकरू मिळत होते आणि गाईला जागा मिळत नव्हती. खोटं वाटेल, पण मी स्वतः देवराव लांजेवारांच्या गोठ्यात राहिलेय. गव्हाणीवर फळ्या टाकून केलेली खाट, आणि तीही अर्धीच माझी. मी कामावर गेले की अस्मिता गेडाम नावाची अहेरीची मुलगी तिच्यावर झोपायची, ती कामावर गेली की मी. आमची गाठ कधीमधी दारात पडायची. एरवी तिची ओळख म्हणजे उशीला येणारा तिच्या तेलाचा वास.

लांजेवारांनी गोठा भाड्याने द्यायला सगळ्या गाई विकल्या होत्या. कपिला नावाची एक तेवढी ठेवली होती, कारण बायकोने जेवण सोडलं.

"पुण्या-मुंबईले जाचे दिवस गेले बाप्पा आता," ते मिशीवर हात फिरवत म्हणायचे. "पुण्याचे इंजिनेर माह्या अंगणात आंघोळ करून रायले!"

आणि खरंच होतं ते. पिढ्यान्‌पिढ्या गडचिरोलीची पोरं पोटासाठी बाहेर गेली आणि आता सगळा महाराष्ट्र गडचिरोलीत येऊन खोली शोधत होता. मीही त्यातलीच. सानिका मगदूम, राहणार इचलकरंजी. नवरा शार्दूल मागावरचा मिस्त्री. मुलगी ईरा चार वर्षांची. सासूबाई घर सांभाळायच्या. त्यांना मी आईच म्हणते. इचलकरंजीत माझ्या शिक्षणाला जो पगार मिळत होता त्याच्या तिप्पट हेटीटोल्याने देऊ केला, म्हणून मी आले.

हे सगळं घडलं जमिनीखालच्या एका काळ्या-हिरव्या खडकामुळे. या खडकात लोखंड भरपूर. खोल, गरम जागी त्याला पाणी भेटलं की लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, म्हणजे सोप्या भाषेत गंजतं, आणि पाण्यातला हायड्रोजन मोकळा सुटतो. तो वर येईल तसा पकडायचा, दाबायचा आणि गाड्यांना, कारखान्यांना पाठवायचा. जाळला तर धूर नाही, उरतं ते पाणीच. खाण नाही, वीज खर्चून तयार करणं नाही, पृथ्वी स्वतः शिजवून वाढते. माझं काम विहिरीच्या तोंडाशी. तिथल्या टाकीत वायू वर जातो, पाणी खाली उरतं. ते पाणी फार जड. त्यात कॅल्शियम इतकं, की नळ्यांच्या आत पांढरे थर बसतात आणि आम्ही ते खरवडत बसतो. थोडंफार गाळून तेच पाणी वस्तीच्या नळाला येतं. डाळ शिजता शिजत नाही.

पगार मोठा होता, पण तो खात्यावर येऊन भाड्याकडे निघून जायचा. इमारती उठत होत्या. स्लॅब वाळायच्या आत खोल्या भरत होत्या आणि दर सणाला भाडं चढत होतं. मी वर्षभर खोली शोधत होते.

मग एक दिवस शार्दूलचा फोन आला.

"दसरा झाला की आम्ही तिघं येतोय. घर असेल तर राहू तिथं. नसेल तर तू आमच्याबरोबर परत यायचं," तो म्हणाला. "भांडत नाही मी. पण काल ईरानं बालवाडीत सांगितलं, माझी आई फोनमध्ये असते."

मी फोन ठेवला आणि विहिरीच्या कुंपणाला टेकून रडले. रडून झाल्यावर चिडले. ही नोकरी मला आवडत होती. जमीन श्वास सोडतेय आणि आपण तो झेलतोय, असं काम पुन्हा कुठे मिळणार होतं? मला नोकरीही हवी होती आणि माझी माणसंही. दोन्ही हवं असणं हा काही गुन्हा नव्हता.

त्याच आठवड्यात 'गृहबीज' कंपनीने वस्तीत प्रयोगाची घरं द्यायची ठरवली आणि सोडतीत माझं नाव निघालं.

घर काय, चमत्कार होता! एक फुगा फुगवायचा, खोलीएवढा. त्याच्यावर ओल्या वाळूचा लेप मारायचा. वाळूत जिवाणू असतात. त्यांना खुराक म्हणून युरिया आणि कॅल्शियम द्यायचं. जिवाणू युरिया फोडतात, त्यातून जे निघतं ते कॅल्शियमला चिकटतं आणि चुनखडी तयार होते. ती कणाला कण जोडत जाते. आठवड्याभरात वाळूचा दगड होतो. मग फुग्यातली हवा सोडायची, दार बसवायचं, राहायला जायचं. मी रोज कामावरून सुटले की ते घर वाढताना बघायला जायची. कान लावला तर आत बारीक तडतड ऐकू यायची.

"हे बघा, आता खुराक बंद," कंपनीच्या तनुश्री बापट मॅडमनी किल्ली देताना सांगितलं. त्या पुण्याच्या, प्रत्येक शब्द धुऊन वाळवून बोलणाऱ्या. "जिवाणू मरत नाहीत. उपाशी राहिले की बीज होऊन भिंतीत झोपतात. तुम्हाला पुढे आणखी खोली हवी असेल तर आमचा खुराक घ्यायचा. दुसरं काहीही भिंतीला लावायचं नाही. कराराची मुख्य अट आहे ती."

मी खुराकाचा भाव विचारला. त्यांनी सांगितला. त्या भावात इचलकरंजीत बंगला झाला असता. मेख इथेच होती. घर जवळपास फुकट, पुढची खोली सोन्याची. ज्याने हे डोकं लढवलं त्याला माणसांची पुरती ओळख होती. घर मिळालं की माणूस आणखी एक खोली मागणारच.

माझी माणसं आली. ईरा दोन मिनिटं लाजली आणि मग जी कमरेला बिलगली ती सोडेच ना. आईंनी बाहेर उभं राहून घर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे घर हाय व्हय गं? मला वाटलं कुणी दुरडी पालथी घातलीया."

"आई, आत तर चला."

"आत येतोय की. पर वास्तुशांत झाली का? न्हाई? मग मी हितं भात शिजवणार न्हाई. परका मुलूख, आणि भिंतीसुदीक जित्त्या म्हणतीस!"

वस्तीत एकच भटजी होते आणि त्यांची दक्षिणा भाड्यांच्या मागोमाग चढली होती. आई म्हणाल्या, मला समदं येतं. कलश मांडला, दाराला आंब्याचा डहाळा बांधला आणि गोमूत्र पाहिजे म्हणाल्या. ते लांजेवारांनी कॅनभर आणून दिलं. "कपिलेचं हाय जी, एकदम गावरान. पैसे नोका देऊ, सत्यनारायणाले बोलवा." आईंनी कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्टच घडली नसती. पण त्यांना भिंतींना दवाखान्यासारखा वास येत होता. म्हणून त्या रोज सकाळी नळाच्या पाण्यात गोमूत्र मिसळून फडक्याने भिंती पुसायला लागल्या. मी कामावर गेलेली असायची. कराराची अट मी त्यांना सांगितली नव्हती, कारण माझी सासू भिंतीला काही लावेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

अडचण निराळीच उभी राहिली. खोली एक आणि माणसं चार. अंथरुणं घातली की दार उघडत नसे. आई शेगडीजवळ अंगाची जुडी करून झोपायच्या, सकाळी कंबर धरून उठायच्या आणि "मस्त झोप लागली" म्हणायच्या. शार्दूल ते बघायचा आणि गप्प राहायचा. त्याला इथे कामही नव्हतं. दिवसभर वस्तीत फिरून यायचा.

"तुळशीचं लगीन झालं की मी जातो गावाकडं," एकदा जेवताना आई म्हणाल्या.

"तू एकटी कशी जाशील? गुडघे बघ तुझे," शार्दूल म्हणाला. "गेलो तर सगळेच जाऊ." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आईंना एक खोली, नाहीतर माझी नोकरी संपली. एवढं सरळ होतं ते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कपाट उघडेना. लोखंडी कपाट भिंतीपासून चांगलं हातभर लांब ठेवलेलं, त्याचं दार भिंतीला अडायला लागलं. शार्दूल म्हणाला, जमीन खचली असेल. मग बघतो तर आरशाची चौकट भिंतीत निम्मी गडप. खुंटी तर दिसतच नव्हती.

"घर आवळाय लागलंय आपल्याला!" आईंनी छातीवर हात ठेवला. "म्हटलं नव्हतं, नजर लागलीया म्हणून? मी आता दोन्ही टायमाला पुसून घेतो."

आणि त्यांनी पुसलं. परिणाम असा, की दोनच दिवसांत दाराची कडी लागेना.

मला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी त्या काय पुसतात ते मी पहिल्यांदा पाहिलं. बादलीचा वास आला आणि मी भिंतीला नाक लावलं. झणझणीत अमोनिया! नखाने खरवडलं तर खाली ताजा पांढरा थर, वर ट्रकांची तांबडी धूळ अडकलेली. असा थर मी रोज हाताळत होते. आमच्या नळ्यांत बसतो तोच हा.

"पाणी!" मी इतक्या जोरात किंचाळले की ईरा दचकून रडायला लागली. "शार्दूल, गोमूत्रात युरिया आहे आणि आपल्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम! आईंनी भिंतीला दोन्ही वेळा जेवायला घातलंय!"

कंपनीने प्रयोग केले होते ते शुद्ध केलेल्या पाण्यावर. कॅल्शियम आपल्याच पाकिटातून मिळणार हे ते धरून चालले होते. ज्या खडकाने हायड्रोजन दिला त्याच खडकाचं पाणी इथे घरोघर नळाला येतंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि वास्तुशांत ही गोष्ट त्यांच्या प्रयोगशाळेत कोण करणार? खरं तर अंथरूण ओलं करणारं एखादं पोर घरात असतं तरी हे कधीतरी उघडकीला आलंच असतं.

मी शार्दूलला सगळं समजावून सांगितलं. त्याने भिंतीवरून हात फिरवला.

"आतून वाढतीय, तर बाहेरून का नको?" तो म्हणाला. "फुगा आपल्याकडं नाही. पण कापड चालेल का? बांबूचा सांगाडा करू, वर विरळ विणीचं कापड ताणू. वाळू धरून ठेवेल असं. वीण मला कळते, सानिका. आयुष्यात तेवढंच कळतं मला."

आल्यापासून पहिल्यांदा तो एवढं सलग बोलला होता. मला इतका आनंद झाला की करार, बापट मॅडम, सगळं मी विसरले. किंवा विसरायचं ठरवलं.

बांबूला गडचिरोलीत काय तोटा! शार्दूलने सांगाडा बांधला, बारदानाची पोती उसवून पुन्हा हवी तशी विणली, ताणली. आम्ही जुन्या भिंतीचा टवका काढून कुटला, ओल्या वाळूत कालवला आणि लेप मारला. कपिलेचा खुराक सकाळ-संध्याकाळ. वास असा सुटला की शेजारी विचारायला आले, आणि आले ते मदतीलाच थांबले. अस्मिताने तर वाळूच्या पाट्या वाहिल्या. भिंत पहिल्यांदा ओली, मग चिवट, मग एका सकाळी शार्दूलने टिचकी मारली आणि टण्ण आवाज आला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे नाचलो.

तुळशीच्या लग्नाआधी आई आपल्या खोलीत झोपायला गेल्या. सकाळी बाहेर आल्या तेव्हा कंबर धरलेली नव्हती.

मग बापट मॅडम आल्या. कंपनीचं ड्रोन वरून घरं मोजायचं, त्यात आमच्या घराला गळू झाल्यासारखं दिसलं म्हणे. त्यांनी खोली पाहिली, वास घेतला, कापडाचा ताणा बोटाने चाचपला. खरं सांगते, त्या क्षणी त्या अधिकारी नव्हत्या, त्यांचे डोळे माझ्यासारखेच चमकत होते. मग त्यांनी डोळे मिटून उघडले आणि परत कंपनीच्या झाल्या.

"करार तुम्ही मोडलाय. नियमाने घर आठवड्यात रिकामं करावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण माझं वरती बोलणं झालंय. ही खोली तुमच्याकडे राहील. आणखी दोन खोल्यांचा खुराक आम्ही देऊ, घर कायमचं तुमच्या नावावर. फक्त हे कसं केलं ते चार भिंतींच्या बाहेर जायचं नाही. इथे सही करा."

खोटं कशाला बोलू, मला सही करायची होती. चार खोल्या! ईराची शाळा इथे, नोकरी इथे, आई इथे. वर्षभर ज्याच्यासाठी तळमळले ते सगळं एका सहीच्या अंतरावर होतं. मी पेन घेतलंसुद्धा.

तेवढ्यात दारात अस्मिता उभी राहिली. हातात स्टीलची वाटी. मागे लांजेवार.

"काकू," ती आईंना म्हणाली, "भिंतीचं विरजण देता का थोडंसं? माझी आई अन् भाऊ यायचं म्हणतात."

"माह्या वावरात जागा देतो म्हणलं इले," लांजेवार म्हणाले. "गोठ्यात किती दिवस रायतील पोरी? मले का दिसत नाही का?"

"एक कणही देता येणार नाही," बापट मॅडम पटकन मध्ये आल्या. "हे जिवाणू कंपनीच्या मालकीचे आहेत."

आई शांतपणे उठल्या. "बाई, तुमचं कागदाचं तुम्हाला ठाव. पर विरजण मागाय आलेलं माणूस मोकळ्या वाटीनं परत धाडत न्हाईत आमच्यात. दिल्यानं आपलं दही कमी हुईत न्हाई." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पर घर तुझं हाय पोरी. कष्ट तुझं हाईत. तू सांगशील तसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अस्मिताच्या वाटीकडे मला बघवत नव्हतं. एका खाटेवर वर्ष काढलं होतं आम्ही, आणि मी सुटले होते, ती नाही. मी शार्दूलकडे पाहिलं. घर नसेल तर परत यायचं, हे बोलणं त्याचंच होतं.

"घर गेलं तर?" मी विचारलं.

"जाऊ दे की," तो म्हणाला. "भिंत वाढवायला येतीय आता मला."

मी पेन खाली ठेवलं. "द्या आई."

आईंनी बत्ता घेतला आणि आपल्याच नव्या खोलीच्या भिंतीवर घातला. चांगला मूठभर टवका निघाला. तो त्यांनी अस्मिताच्या वाटीत ठेवला आणि रीत म्हणून वर चिमूटभर साखर टाकली. बापट मॅडमनी कागद घडी करून पिशवीत घातला. जाताना दारात थांबून मला हळूच विचारलं, "ती वीण कोणती होती हो?" मी सांगितली.

संध्याकाळपर्यंत आमच्या दारात वाट्यांची रांग लागली. वाट्या, डबे, एकाने तर हेल्मेट आणलं होतं. आई प्रत्येकाला टवका देत होत्या आणि पाणी कुठलं घालायचं ते बजावून सांगत होत्या. शार्दूलला तर त्या दिवसापासून बसायला उसंत मिळाली नाही. त्याने इचलकरंजीहून जुने माग मागवले आहेत. कंपनीने खटला भरलाय, तो चालू आहे. जिवंत गोष्टीची मालकी कुणाची यावर मोठे वकील भांडतायत, त्याचं व्हायचं ते होईल. इकडे हेटीटोल्याची भाडी पहिल्यांदाच उतरली. लांजेवार विकलेल्या गाई दुप्पट भावाने परत घेतायत आणि मला शिव्या घालतायत. संध्याकाळी वारा पडला की अख्ख्या वस्तीला अमोनियाचा वास येतो. नवीन येणारा माणूस नाक धरतो आणि मग दोन दिवसांनी वाटी घेऊन येतो.

आम्हाला घर सोडावं लागलंच. आठवड्याची मुदत संपली त्या दिवशी सामान बांधून आम्ही लांजेवारांच्या वावरात गेलो. ऊन कोवळं होतं. शार्दूलने चुन्याच्या फक्कीने जमिनीवर नव्या घराची आखणी सुरू केली. स्वयंपाकघर आखलं, आमची खोली आखली, ईराने मध्ये लुडबुड करून दोनदा पुसली. मग तो थांबला.

"आई, तुझी खोली केवढी आखू?" त्याने विचारलं. "की तुळशीच्या लग्नानंतर गावाकडं जायचं अजून मनात आहे?"

आईंनी पदर खोचला, त्याच्या हातातला फक्कीचा डबा काढून घेतला आणि गुडघे सांभाळत, न थांबता, स्वतःची खोली आखली. आमच्या खोलीपेक्षा ती चांगली चार हात मोठी होती.